अहो म्हणणारी जपानी बाई

आईच्या शेजारणीचा बरेच दिवस असा समज होता, की मी दुपारी माहेरी येऊन नवऱ्याशी फोनवर इंग्रजीत भांडते. एकदा तिनं आईला ओट्यावर गाठून हळूच विचारलंसुद्धा, "पोरीचं बरं चाललंय ना? रोज आवाज येतो. कधी रडती, कधी हसती, मदीच कोणाला तरी थांब म्हणती." आईनं तिला समजावून सांगितलं, "भांडत न्हाई ओ ती. जपानी बायांचं बोलणं इंग्रजीत करायलीय." यानं शेजारणीची काळजी कमी झाली असेल असं मला वाटत नाही.

पण आईनं सांगितलं ते अगदी खरं होतं. जपानी कार्टून मालिका इंग्रजीत बोलक्या करायच्या, हे माझं काम. कार्टून म्हटलं की आमचा दिग्दर्शक चिडतो, ॲनिमे म्हणा म्हणतो. त्याचं रेकॉर्डिंग हैदराबादच्या एका स्टुडिओत होतं, आणि मग ते इंग्रजी बोलणाऱ्या देशांत आणि आपल्याकडच्या इंग्रजी शाळांतल्या पोरांपर्यंत जातं. मला जपानी ओ की ठो येत नाही. ते येणारा एक माणूस आधी शब्दाला शब्द ठेवून ओबडधोबड इंग्रजी करून पाठवतो. ते वाचून कोणालाही वाटेल, की जपानी माणसं घरातसुद्धा पोलिसांत जबाब दिल्यासारखी बोलतात. त्याचं मी माणसांचं बोलणं करते.

एवढंच असतं तर सोपं होतं. खरी मेख ओठांत आहे. चित्रातल्या बाईचं तोंड उघडलं की माझं इंग्रजी सुरू व्हायला पाहिजे आणि मिटलं की संपायला पाहिजे. जपानीत नुसते आभार मानायला तोंड इतक्या वेळा उघडझाप करतं, की तेवढ्यात इंग्रजी माणूस आभार मानून, चहा पिऊन, रस्त्याला लागेल. मग त्या बाईच्या तोंडी काहीतरी वाढीव घालावं लागतं, आणि ते वाढीव आहे हे कोणाला कळता कामा नये. म्हणून प्रत्येक वाक्य मी पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणते, शब्द फिरवून पुन्हा म्हणते, बसलं नाही तर कपाळावर हात मारून पुन्हा म्हणते, आणि बसलं की नमुन्यासाठी रेकॉर्ड करून स्टुडिओला पाठवते. शेजारीण ऐकायची ते हे.

माझं स्वतःचं घर मोंढ्याच्या रस्त्यावर आहे, तिथे दिवसभर धान्याच्या ट्रकचे हॉर्न. म्हणून मी कामाला आई-बाबांकडे येते. त्यांच्या घरात मागच्या बाजूला एक खोली आहे, तिथे पाहुण्यांच्या गाद्या, लोड, रजया असं सगळं छतापर्यंत रचलेलं असतं. त्या गाद्यांच्या मध्ये बसून बोललं की आवाज घुमत नाही. स्टुडिओवाल्यांनी भिंतींना काय काय चिकटवून जे साधलंय, ते आमच्याकडे लग्नकार्याच्या गाद्यांनी आयतं झालं. फक्त उन्हाळ्यात तिथे बसणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं. कूलर लावला तर त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरते. त्यामुळे कूलर बंद करायचा, आणि दस्तीनं मान पुसत पडद्यावर पडणारा बर्फ बघत बसायचं.

हे काम धरण्याआधी मी एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचे. माझा एक जुना विद्यार्थी त्या स्टुडिओत काम करतो, त्यानं मला हे सुचवलं, आणि मी लगेच क्लास सोडून मोकळी झाले. नवरा म्हणाला, आधी नवं काम पक्कं तर होऊ दे. मी म्हणाले, तू पेडगावच्या शाळेतली पोरं सांभाळ, मला शिकवू नको. असं बोलून बसल्यावर ते काम पक्कं होणं हा माझ्या अब्रूचा प्रश्न झाला. आणि स्टुडिओचं म्हणणं साफ होतं. ही एक मालिका करा, मालिकेचे इंग्रजी हक्क घेतलेल्या परदेशी मालकांना पसंत पडली तर पुढचं काम तुमचंच. नाही पडली तर राम राम.

मालिका मला पहिल्याच भागात आवडली. डोंगरातलं एक लहानसं स्टेशन. तिथला उतरत्या वयाचा, कमी बोलणारा स्टेशनमास्तर. त्याची बायको फलाटावर गरम रश्श्यातल्या शेवया विकते. आणि कोल्ह्याच्या तोंडाचं, मांजराच्या पोटाचं एक जादूचं जनावर, जे रोज गाडीत बसून कुठेतरी जातं आणि संध्याकाळी परत येतं. बाकी मालिकेत फारसं काही घडत नाही, आणि जे घडत नाही ते फार छान दाखवलंय.

माझे बाबा पूर्णा जंक्शनला टीसी होते. सगळी नोकरी त्यांनी गाड्यांत उभ्यानं काढली. मी काम करायला बसले की ते मागे खुर्ची टाकून बसायचे आणि गोष्ट कुठेही जावो, त्यांचं लक्ष त्या जनावरावर.

"याला आजून कोणी तिकीट विचारलं न्हाई?"

"बाबा, ते जादूचं आहे."

"आसंल. पण सीट तर अडवायलंय ना."

स्टेशनमास्तरची झेंडी धरायची पद्धत मात्र त्यांना पसंत होती. एका भागात तो झेंडी दाखवायला विसरतो, तेव्हा बाबा इतके अस्वस्थ झाले की उठून अंगणात जाऊन आले.

आई चहा द्यायला यायची तेवढ्यापुरतं बघायची. तिला ती बायको आवडायची. "ही बसत कशी न्हाई एकदाबी," असं म्हणून स्वतःही न बसता निघून जायची. आईचं माहेर वालूरचं, शेतकरी घर. बसून टीव्ही बघणं तिच्या अंगातच नाही.

त्या बायकोचं बोलणं मला फार पटकन जमलं. म्हाताऱ्याच्या एकेका वाक्याला मी अर्धी दुपार घालवत होते, पण ती बाई तोंड उघडायची आणि इंग्रजी आपोआप बसायचं. ती नवऱ्याला जपानीत ज्या शब्दानं हाक मारते, तो 'अनाता'. त्याचा अर्थ नुसता 'तुम्ही'. आमचा भाषांतर करणारा प्रामाणिकपणे दर वेळी 'यू' असं लिहून पाठवायचा. आता इंग्रजी बायकोनं नवऱ्याला 'यू' अशी हाक मारली, तर पाकीटमार पकडल्यासारखं वाटेल. मग मी त्या जागी कुठे 'लिसन' टाकलं, कुठे 'लुक हिअर', कुठे 'देअर यू आर', कुठे 'कम अँड ईट'. ओठांत चपखल बसलं. मी स्वतःवर खूश होते.

शेवटचा भाग सोडून सगळे भाग पाठवून झाले आणि दिग्दर्शकाचा फोन आला. तो हैदराबादचा तरुण मुलगा, अतिशय अदबीनं बोलणारा. फार अदबीनं बोलायला लागला की समजावं, काहीतरी बिनसलंय.

"मॅडम, एक बात पूछूँ? ये बाई अपने मियाँ का नाम कायकू नै लेती?"

"घेते की," मी म्हणाले.

"एक बार भी नै लेती. मैं सब ढूँढके देखा."

मी फोन ठेवला आणि स्वतः शोधून बघितलं. खरंच एकदाही नाही. गावातला पोस्टमन त्याचं नाव घेतो, शाळेतली पोरं घेतात, ते फुकटं जनावर तिसऱ्या भागात बोलायला लागतं तेही नाव घेऊनच बोलतं. बायको तेवढी घेत नाही. मी इतके दिवस ते सगळं मोठ्यानं म्हणत होते आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. एकटीच हसत सुटले. बाबांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, काही नाही, माझ्या इंग्रजीत आई शिरलीय.

कारण माझ्या डोक्यात त्या बाईचा आवाज आईचाच होता. मी स्वतः माझ्या नवऱ्याला नावानं हाक मारते, अरे-तुरे करते, आणि वेळ आली तर नावाच्या मागेपुढे आणखीही काही लावते. पण आईनं बाबांचं नाव कधी घेतलेलं नाही. तिचं सगळं 'ऐकलं का' आणि 'ओ' वर चालतं. बँकेत कोणी मालकांचं नाव विचारलं की ती माझ्याकडे बघते. मी बरोबर नसले तर पासबुक पुढे करून त्यावर बोट ठेवते आणि म्हणते, "हे वाचा." एकदा सरकारी दवाखान्यात नर्सनं फारच धरून ठेवलं, तोंडानं सांगा म्हणाली, पासबुकही बरोबर नव्हतं. तेव्हा आईनं त्या खिडकीशी उभ्या उभ्या पदर सावरून उखाणा घेतला. रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या आणि नर्सला नाव मिळालं. उखाण्यात घेतलेलं चालतं, ते यमकाच्या आडोशानं, चारचौघींसमोर घेतलेलं असतं. नुसतं, सरळ, हाक म्हणून घ्यायचं नाही. घेतलं तर धन्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला तिच्या आईनं सांगितलं होतं, आणि हे आयुष्य कमी करून बघण्याची तिला कधी गरज पडली नव्हती.

परदेशी मालकांचं म्हणणं होतं, की इंग्रजी बायको नवऱ्याचं नाव घेत नाही म्हणजे बघणाऱ्यांना वाटेल यांचं भांडण चाललंय. तेव्हा जिथे जिथे 'लिसन' आहे तिथे त्याचं नाव घाला. म्हटलं तर सोपं काम होतं. नावाला आणि 'अनाता'ला तोंड सारखंच उघडतं. मी स्वतःला शिव्या देत पहिल्या भागापासून नावं घालायला बसले. पसंत पडण्याशी आपल्याला मतलब, असं स्वतःला बजावत होते, आणि तरी प्रत्येक नाव घालताना आईला कोणीतरी जबरदस्तीनं जीन्स घालायला लावतंय असं वाटत होतं.

तेवढ्यात शेवटच्या भागाचं कच्चं भाषांतर आलं.

शेवटच्या भागात ते स्टेशन कायमचं बंद होतं. शेवटच्या गाडीनं ते जनावर आपल्या मुलखाला जायला निघतं, आणि त्याला सोडायला म्हणून म्हातारा त्या गाडीत चढतो. गाडी जिथे चाललीय तिथून माणसं परत येत नाहीत. हे बायकोला कळतं, त्याला कळत नाही. ती शेवयांचं पातेलं तसंच टाकून बर्फातून धावत सुटते. 'अनाता, अनाता' अशा हाका मारते. इंजिनाच्या आवाजात त्याला काही कळत नाही. आणि शेवटची गाडी बघायला गर्दी झालेल्या फलाटावर 'अहो' अशा हाकेला कोणता नवरा वळून बघणार? मग ती थांबते. श्वास घेते. आणि त्याचं नाव घेते. म्हातारा वळतो, तिच्याकडे बघतो आणि गाडीतून उतरतो.

भाषांतर करणाऱ्यानं कडेला टीप लिहिली होती, की आत्तापर्यंत तिनं कधीच नाव घेतलेलं नाही, हे पहिल्यांदाच.

मी चुकून जे केलं होतं तेच बरोबर होतं. ती बाई जर पहिल्या भागापासून दर दोन वाक्यांना नाव घेत असेल, तर शेवटी म्हाताऱ्यानं वळून बघायचं कारण काय? मी घातलेली सगळी नावं काढून टाकली आणि दिग्दर्शकाला फोन लावला. बयाजवार सगळं सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, इंग्रजी बघणाऱ्याला हे कळणारच नाही. इंग्रजी बायका नावच घेतात, त्यांना त्यात काय नवल.

मी जरा तापले. म्हणाले, "तुमच्या घरी काय आहे? तुमची आई काय हाक मारते?"

"अम्मी 'अजी सुनते क्या' बोलते."

"आणि नाव?"

"नक्को मॅडम. अम्मी नाम लिए तो हम सब डर जाते."

तिथून पुढे तो माझ्या बाजूचा झाला, पण त्याचंही घर त्या नोकरीवर चालतं. त्यानं एक अट घातली. फलाटावरची ती एक हाक ऐकल्याबरोबर काळजाला लागली पाहिजे. लागली तर मालकांशी तो भांडेल आणि माझं एकही अक्षर बदलणार नाही. नाही लागली तर सगळीकडे नाव जाईल, आणि मग माझ्या पुढच्या कामाचंही त्याला काही सांगता येणार नाही. म्हणजे माझी सगळी इज्जत आता एका शब्दावर येऊन टांगली होती, आणि तो शब्द मी लिहिलेलाही नव्हता.

रेकॉर्डिंगच्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर होते. त्या बायकोला आवाज देणारी मुलगी चांगली तयारीची होती. तोवरचं सगळं तिनं सुरेख म्हटलं होतं. पण त्या नावाशी आली की गाडी अडायची. पहिल्यांदा म्हटलं ते शाळेत हजेरी घेतल्यासारखं. मग रडवेलं म्हटलं, तर म्हातारा आधीच गेल्यासारखं वाटलं. मग जोरात ओरडली, तर रिक्षात पर्स विसरलीय असं वाटलं. बिचारी बेजार झाली. शेवटी म्हणाली, मॅडम, मी माझ्या नवऱ्याला दिवसभर नावानंच हाक मारते, यात एवढं काय असतं ते मला सापडत नाहीये. तुम्ही म्हणून दाखवा.

मी म्हणून दाखवलं. हेडफोनमध्ये मला माझाच आवाज ऐकू आला, आणि तो येताना दूध घेऊन ये म्हणणाऱ्या बाईचा होता. दिग्दर्शक अदबीनं म्हणाला, बहुत अच्छा, पण कल तक कुछ और भेजो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. बाबा अंघोळीला गेले होते. तिला म्हणाले, आई, माझं एक काम कर, बाबांचं नाव घे.

"येडी झालीस का?"

"उखाण्यात नाही. नुसतं."

"न्हाई माय. या वयात मला नको सांगूस आसलं."

मग मी युक्ती केली. म्हणाले, बाबांचं नको, त्या स्टेशनमास्तरचं घे. ते तिनं एका दमात घेतलं. कोथिंबीरवाल्याला हाक मारावी तसं. वर म्हणाली, "त्याचं घ्यायला मला काय धाड भरलीय?" ते तर हैदराबादच्या मुलीहून वाईट होतं.

मी वैतागून गाद्यांच्या खोलीत गेले. आई मागोमाग आली. माझा चेहरा पडला की तिच्याच्यानं राहवत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा मी लहानपणापासून फायदा घेत आलेय. मी चेहरा तसाच ठेवून तो प्रसंग लावला. तिला इंग्रजी येत नाही आणि जपानीचा तर प्रश्नच नाही. पण पातेलं टाकून बाई धावायला लागल्याबरोबर ती खाली बसली. त्या खोलीत काम चालू असताना आईला बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. म्हातारा गाडीतून उतरेपर्यंत तिनं पापणी हलवली नाही.

"आदी कदीच घेतलं नव्हतं का तिनं?"

"कधीच नाही."

"आन् घेतलं तवा त्याचं आयुष्य वाढलं."

असा विचार मी केला नव्हता. मी म्हणाले, हो, वाढलं की.

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "हे बाजाराला गेल्यावर बघू. तू कोणाला सांगणार न्हाईस." आणि बाबा निघाल्यावर ती आधी देवापुढे गेली. मी दारातून ऐकलं. निरांजन लावून ती देवाला समजावत होती, की पोरीच्या कामासाठी घ्यायलेय, हे धरू नको. देवाचं काय उत्तर आलं ते तिलाच माहीत, पण ती आली.

मी खिडकी लावली, कूलर बंद केला, दार लोटलं. आईला गाद्यांच्या मध्ये बसवलं आणि मायक्रोफोन तिच्यापुढे धरला. तिनं डोक्यावर पदर घेतला. मी म्हणाले, यात तू दिसत नाहीस. ती म्हणाली, "आसू दे."

ती ओरडली नाही. आधी नुसता श्वास घेतला, तो अर्ध्यात अडकला. नावाचं पहिलं अक्षर ओठांपर्यंत येऊन परत गेलं, तापलेल्या तव्याला चुकून बोट लागावं तसं. आणि मग ते नाव बाहेर आलं. हळू, स्वच्छ, आणि शेवटी किंचित वर उचललेलं, जणू म्हटलं तर चालेल ना असं विचारतेय. ते नाव मी घराच्या पाटीवर, लाइटच्या बिलावर, लग्नाआधी माझ्या स्वतःच्या नावापुढे, सतत वाचलेलं होतं. ते असं असतं हे मला माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि मी रडूबाई नाही.

बाहेर किल्ल्यांचा जुडगा खाली पडल्याचा आवाज आला. मी दार उघडलं तर मधल्या खोलीत बाबा उभे होते, पायांत चपला तशाच. पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले होते. तोंडाचा रंग उडालेला.

"काय झालं? कोणाला काय झालं?"

आई पदर सावरत त्यांच्या अंगावरून स्वयंपाकघरात निघून गेली. जाता जाता म्हणाली, "काय न्हाई झालं. चपला काढा आदी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, माझ्या कामाचं आहे. त्यांनी मान हलवली आणि पिशवी न घेताच पुन्हा बाजारात गेले. आले तेव्हा कोथिंबीर हातात होती आणि वांगी दस्तीत बांधलेली होती. आई त्यावरून त्यांना एक शब्द बोलली नाही, एरवी संध्याकाळपर्यंत पुरवलं असतं.

रेकॉर्डिंग हैदराबादला गेलं. त्या मुलीनं ते कानाला लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं. ये कौन हैं, असं विचारलं. मी म्हणाले, आमच्या मातोश्री. मग ती माइकपुढे गेली आणि नक्कल न करता तिनं ते नाव आयुष्यात पहिल्यांदाच घेतल्यासारखं म्हटलं. दिग्दर्शक एवढंच म्हणाला, हौ मॅडम, ओके है. तो मालकांशी काय आणि कसा भांडला ते मला माहीत नाही. माझे सगळे 'लिसन' आणि 'लुक हिअर' जिथल्या तिथे राहिले, आणि लगेच पुढच्या मालिकेचं कच्चं भाषांतर येऊन पडलं. नवऱ्यानं पेढे आणले आणि शहाण्यासारखा गप्प बसला. शेजारणीलाही पेढा गेला. तो घेताना ती म्हणाली, "मिटलं म्हणा एकदाचं."

बाबांनी मात्र त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. नव्या मालिकेत रेल्वे नाही, त्यामुळे ते खोलीत यायचेही कमी झाले होते. मी मनात म्हणत होते, दुखावले तर नाहीत ना. आपलं नाव बायकोनं घेतलं तेही एका जपानी म्हाताऱ्यासाठी, असं काही त्यांच्या मनात बसलं असेल तर ते मी कसं काढणार.

एका दुपारी आई गच्चीवर कुरडया घालत होती. बाबा गाद्यांच्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले. पडद्याकडे बघितलंही नाही.

"ते तुझ्या मशीनमदी आजून हाय का?"

"काय?"

"तेच. तुझ्या मायचं."

मी ते काढलं आणि हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी रजयांच्या ढिगाकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघणं बरं दिसलं नसतं. ते ऐकून झालं. त्यांनी बोटानं पुन्हा लाव अशी खूण केली, मी लावलं. मग त्यांनी हेडफोन काढून सावकाश टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "त्यात खरखर लय हाय. नीट ऐकू आलं न्हाई. तुझ्या मायला म्हणावं, पुन्यांदा एकदा घे."

ते रेकॉर्डिंग मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यातला श्वाससुद्धा मला पाठ होता. खरखर त्यात कुठेही नव्हती. मी जिन्यापाशी गेले आणि आईला हाक मारली.